चौदा क्विंटल वीस किलो

“चौकीदाराच्या घरात चौदा क्विंटल सामान?”

मोकाशींनी बिलावरच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल काढला आणि फाइल माझ्याकडे सरकवली. मोकाशी म्हणजे पुण्याच्या हेड ऑफिसमधून आलेले ऑडिटर. दिवाळी झाली की ते आमच्या बारामतीच्या विभागीय कार्यालयात आठ-दहा दिवस ठाण मांडून बसत. आवाज कधी चढवायचे नाहीत. चहा स्वतःच्या पैशाने प्यायचे. त्यांच्या पेन्सिलीला मात्र सगळं ऑफिस वचकून असायचं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं खातं निमसरकारी. नाव सांगायची गरज नाही, नियम सगळीकडे साधारण सारखेच होते. मी आस्थापना शाखेची हेड क्लार्क होते. आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बदल्या, रजा, बढत्या आणि पेन्शन. बदलीची बिलं तपासून पुढे पाठवणं माझ्याकडे होतं. त्यामुळे त्या गोलाच्या खाली सही होती ती माझीच.

नियम थोडक्यात सांगते. खात्याने आपल्या सोयीसाठी बदली केली, तर घरसामान हलवायचा खर्च खातं देतं. स्वतः मागून घेतलेल्या बदलीला काही मिळत नाही. किती सामानाचा खर्च द्यायचा, हे हुद्द्यावर ठरतं. आमच्याकडे वर्ग एकच्या अधिकाऱ्याला साठ क्विंटलची मर्यादा होती, वर्ग चारच्या कर्मचाऱ्याला पंधरा. बिलाला तीन कागद लागत. बदलीचा हुकूम, ट्रकवाल्याची पावती आणि भुईकाट्याची चिठ्ठी. भुईकाटा म्हणजे ज्यावर अख्खा ट्रक चढवून वजन करतात तो. उसामुळे आमच्या भागात तो जागोजागी असतो.

बिल होतं दगडू सोनवणे यांचं. सगळे त्यांना तात्या म्हणत. इंदापूरच्या आमच्या गोदामावर ते अठरा वर्षं चौकीदार होते. मे महिन्यात त्यांची बारामतीला बदली झाली. येताना वाटेत सणसरला त्यांनी ट्रक काट्यावर घातला होता. चिठ्ठीवर सामानाचं निव्वळ वजन चौदा क्विंटल वीस किलो. तिन्ही कागद बरोबर होते म्हणून मी बिल पास केलं. खोटं कशाला सांगू, आकडा बघून मलाही क्षणभर नवल वाटलं होतं. वर्ग चारचं बिल पाच-सहा क्विंटलच्या वर सहसा जात नसे. पण नवल वाटणं हा काही बिल अडवायचा नियम नाही.

“कागद पूर्ण आहेत, साहेब,” मी म्हणाले.

“कागद नेहमीच पूर्ण असतात,” मोकाशी म्हणाले. “दोन खोल्यांचं घर. नवरा-बायको दोघंच. यादीत काय लिहिलंय बघा.”

यादीत भांडी, लोखंडी कॉट, जातं, दोन पोती ज्वारी, कपड्यांची ट्रंक असं सगळं होतं. शेवटची ओळ होती, ‘पुस्तके, पेट्या १९’.

“एकोणीस पेट्या पुस्तकं. चौकीदाराकडे.” मोकाशी हसले नाहीत. त्यांनी वहीत ‘खोटा क्लेम, संशयित’ असं लिहिलं आणि पुढची फाइल ओढली.

आता ऑडिटरच्या वहीतल्या दोन शब्दांनी काय होतं, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. त्या शब्दांचा ‘पॅरा’ होतो, म्हणजे हेड ऑफिसला जाणाऱ्या अहवालातला आक्षेप. पॅरा झाला की चौकशी लागते. चौकशी लागली की बढती थांबते. आणि तात्यांचं नाव त्याच महिन्यात बढतीच्या यादीत होतं. वर्ग चारमधून वर्ग तीनमध्ये, रेकॉर्ड कीपर म्हणून. चाळिशी उलटल्यावर बाहेरून परीक्षेला बसून ते मॅट्रिक झाले होते, ते याच जागेसाठी. रिटायर व्हायला सहा वर्षं राहिली होती. यंदा नाव गेलं असतं, तर पुन्हा आलं नसतं.

त्याच संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी कॉलनीतल्या वर्ग चारच्या क्वार्टर्सकडे गेले. तात्या ड्यूटीवर होते. दार त्यांच्या पत्नीने, हौसाबाईंनी उघडलं. मी आत पाऊल टाकलं आणि तिथेच उभी राहिले.

बाहेरच्या खोलीच्या तीन भिंती खालपासून वरपर्यंत पुस्तकांनी भरल्या होत्या. फळ्या खोक्यांच्या होत्या. शाळेची पाठ्यपुस्तकं, शब्दकोश, कायद्याची जाडजूड पुस्तकं, इंजिनियरिंगची गाइडं, बांधलेली मासिकं. कॉटच्या खालीही पुस्तकंच. हौसाबाईंची चूल आणि देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेली बुद्धमूर्ती सोडली, तर त्या घरात मोकळी भिंत नव्हती.

तात्या थोड्या वेळाने आले. मी काय झालं ते सांगितलं. ते खाली बसले.

“रद्दीवाल्याकडनं घेतो, मॅडम,” ते म्हणाले. “इंदापूरच्या बाजारात, निमगावच्या बाजारात. लोकं वजनावर इकत्यात, मी वजनावर घेतो. गोदामावर रात्रभर जागायचं, मंग वाचायला काय तरी पायजेच की.”

बाकीचं हौसाबाईंनी सांगितलं. तंबाखू नाही, विडी नाही, दर महिन्याच्या पगारातून एक गठ्ठा ठरलेला. दोन्ही मुली याच भिंतींमध्ये शिकल्या. एक नर्स झाली, एक शिक्षिका. इंदापूरला असताना आसपासच्या गावांतली पोरं-पोरी दहावी-बारावीची पुस्तकं न्यायला यायची. वर्ष संपलं की परत आणून द्यायची.

मी घरी जाताना विचार करत होते. मीही त्याच भागातल्या बावड्याची. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आणि मलासुद्धा त्या यादीतली शेवटची ओळ वाचून नवल वाटलं होतं. ते मला बराच वेळ टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जगतापसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. जगतापसाहेब आमचे ऑफिसप्रमुख. मी सांगितलं की सामान खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी ऐकून घेतलं. मग दार लोटलं.

“रणदिवेबाई, तुम्ही यात पडू नका,” ते म्हणाले. “सोनवणे तुमच्यातला माणूस. उद्या कुणी म्हणालं, बाईंनी आपल्या माणसाचं बिल पास केलं आणि आता त्यालाच सांभाळताहेत, तर काय उत्तर देणार?”

जगतापसाहेब वाईट नव्हते. ते माझ्या काळजीपोटीच बोलत होते, म्हणून ते जास्त लागलं. रागात बोललं की समोरच्याच्या लक्षात फक्त राग राहतो, हे नोकरीत मी लवकर शिकले होते.

“साहेब, बिलावर सही माझी आहे,” मी म्हणाले. “खोटं निघालं तर मलाही चार्जशीट द्या. पण आधी मोजून बघू या. माझा हात सामानाला लागणार नाही. मी काट्याजवळसुद्धा उभी राहणार नाही. मोकाशीसाहेबांनी काटा निवडावा, त्यांनीच मोजावं.”

“सगळं घर पुन्हा ट्रकवर चढवायचं?”

“हो. स्टोअरचा ट्रक रविवारी उभाच असतो.”

त्यांनी मोकाशींना बोलावलं. मोकाशींना हे अपेक्षित नव्हतं. ऑडिटर कागद तपासतो, कागदामागचं घर कुणी त्याच्या समोर आणून ठेवत नाही. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं की मे महिन्यातलं सामान आता जसंच्या तसं असेल कशावरून? मी म्हणाले, हे सोनवण्यांनाच विचारा.

तात्यांना बोलावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला.

“म्हंजी, घरातली भांडीकुंडी समद्या कॉलनीदेखत रस्त्यावर मांडायची? चोर धरल्यागत? बढती नगं मला. पैसं कापून घ्या पगारातनं.”

आणि ते निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. त्यांचं म्हणणं खरंच होतं. हा हिशोब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. एका प्रामाणिक माणसाला त्याचा प्रामाणिकपणा चारचौघांत सिद्ध करायला लावणं, ही काही साधी गोष्ट नाही. पैसे कापून घेतले असते, तर तो कबुलीजबाबच ठरला असता, हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

शनिवारी दुपारी हौसाबाई स्वतः ऑफिसात आल्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“ट्रक धाडा,” त्या म्हणाल्या. “त्यास्नी मी सांगितलंय. आमी काय चोरलंय का लपवायला? बगू द्या समद्यास्नी, आमच्या घरात काय हाय ते.”

रविवारी सकाळी ट्रक क्वार्टर्सपुढे लागला. मोकाशी आले ते स्वच्छ पांढऱ्या शर्टात, हातात वही. आधी त्यांनी रिकामा ट्रक मार्केट यार्डाजवळच्या काट्यावर नेऊन त्याचं वजन केलं आणि चिठ्ठी स्वतःच्या खिशात ठेवली. डिझेल पुन्हा भरायचं नाही, अशी ताकीद ड्रायव्हरला दिली. मग ते ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी उभे राहिले. मी ठरल्याप्रमाणे रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली होते.

सुरुवातीला तात्या आणि त्यांचा एक पुतण्या दोघंच पेट्या उचलत होते. क्वार्टर्समधली माणसं दारात उभी राहून बघत होती. तात्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या-चौथ्या पेटीला समोरच्या घरातला शिपाई शिंदे पुढे आला आणि त्याने दुसऱ्या बाजूने कडी धरली. मग वायरमन आला. मग बायका भांडी आणू लागल्या. तासाभरात घर ट्रकमध्ये होतं.

निघायच्या आधी मोकाशींनी तात्यांना विचारलं, “मे महिन्यात चौदा क्विंटल वीस किलो होतं. आज किती भरेल?”

तात्यांनी विचार केला. “दोन पोती ज्वारी हुती, दोन क्विंटल. ती आमी खाल्ली. पुस्तकं थोडी वाढली, वीस-पंचवीस किलो. म्हंजी बारा क्विंटल चाळीस-पंचेचाळीस भरावं.”

मोकाशींनी हे शब्द वहीत लिहिले आणि खाली तात्यांची सही घेतली. माणूस अंदाज सांगतो, त्यावर सही कोण देतं? दहा-वीस किलोचा फरक कुठूनही पडला असता.

ट्रक गेला. मी लिंबाखालीच थांबले. समोर हौसाबाई रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

पाऊण तासाने ट्रक परत आला. मोकाशी ड्रायव्हरशेजारून उतरले. रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आले आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली. भरलेल्या गाडीतून रिकामी वजा जाता बारा क्विंटल चाळीस किलो.

“माणसाला आपलं घर माहीत आहे,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं वाक्य म्हणजे पुष्कळ होतं.

मला वाटलं, संपलं. पण ऑडिटर तो ऑडिटरच. काट्यावर नंबर लागायची वाट बघताना त्यांनी एक पेटी उघडून पाहिली होती. तिच्यात वर एक लांब वही होती. कुणी कोणतं पुस्तक कधी नेलं आणि कधी परत केलं, याची. इंदापूर, निमगाव केतकी, बावडा, आणखी कुठकुठल्या गावांची नावं. पानंच्या पानं.

सोमवारी त्यांनी मला बोलावलं.

“वजनाचा आक्षेप मी मागे घेतो,” ते म्हणाले. “पण हे घरसामान नाही. हे वाचनालय आहे. वाचनालयाची पुस्तकं खात्याच्या खर्चाने हलवता येत नाहीत.”

ते चिडून बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि वरवर पाहता मुद्दा बिनतोड होता.

मी एक दिवस मागून घेतला. कपाटातून नियमांचं जुनं पुस्तक काढलं. आमच्याकडे सगळे सर्क्युलरवर काम करत, मूळ नियम कुणी उघडत नसे. त्या पुस्तकात घरसामानाची व्याख्या अडीच ओळींची होती. कर्मचाऱ्याच्या मालकीच्या, त्याच्या व कुटुंबाच्या वापरातल्या वस्तू. विक्रीसाठी किंवा व्यवसायासाठी ठेवलेला माल सोडून. बस, एवढंच. दुसऱ्या कुणी त्या वस्तू वापरू नयेत, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मंगळवारी मी पुस्तक उघडं करून मोकाशींपुढे ठेवलं.

“साहेब, हे वाचनालय असेल तर त्याची नोंदणी कुठे आहे? अनुदान कुठे आहे? वर्गणी कोण देतं? त्या वहीत पुस्तकांची नावं आहेत, माणसांची आहेत, तारखा आहेत. पैशाचा आकडा एकही नाही. म्हणजे हा व्यवसाय नव्हे.”

“पण वापर लोकांचा आहे.”

“घरच्यांचाही आहे. दोन मुली त्यावर शिकल्या, तात्या आजही वाचतात. आमच्या बावड्याच्या घरी एक शिडी आहे. गल्लीतलं प्रत्येक घर ती नेतं. म्हणून ती गल्लीची होत नाही. मोडली की वडीलच दुरुस्त करतात.”

मोकाशींनी चष्मा काढून पुसला. “मालकीचा पुरावा?” त्यांनी विचारलं. “रद्दीवाला पावती देत नाही.”

मी तात्यांना बोलावणं पाठवलं. ते आले. मी विचारलं, पुस्तकं तुमची स्वतःची आहेत, हे कशावरून दाखवता येईल?

तात्या जरा गोंधळले. जणू हे विचारण्यासारखं काही नव्हतंच. “पयल्या पानावर लिवलंय की,” ते म्हणाले.

त्या दुपारी मोकाशी एकटेच क्वार्टरवर गेले. पुस्तकं अजून फळ्यांवर लागायची होती. त्यांनी आपल्या मनाने वेगवेगळ्या पेट्यांमधून पन्नास पुस्तकं काढली, असं हौसाबाईंनी मला नंतर सांगितलं. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्याच एका वळणदार अक्षरात तारीख, कुठल्या बाजारात घेतलं ते, काय भावाने घेतलं ते, आणि खाली ‘दगडू सोनवणे, चौकीदार, स्वकमाईतून’. सगळ्यात जुनी तारीख त्यांच्या नोकरीच्या पहिल्या पगाराच्या आठवड्यातली होती. पन्नास बघून झाल्यावरही मोकाशी तासभर तिथेच बसले होते. काम म्हणून नव्हे, एक पुस्तक वाचत. हौसाबाईंनी दिलेला चहा त्यांनी घेतला. त्याचे पैसे द्यायला गेले, तेव्हा हौसाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पाकीट परत खिशात गेलं.

पॅरा झाला नाही. मोकाशींनी फाइलवर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘प्रत्यक्ष पडताळणी केली. क्लेम खरा. आक्षेप मागे.’ एखादा आक्षेप मागे घेताना ऑडिटर शक्यतो कमी शब्द वापरतो. त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली होती, ‘अभिलेख जतन करण्याची सदर कर्मचाऱ्याची पद्धत अनुकरणीय.’ माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत ऑडिटरने कुणाची स्तुती लिहिलेली मी तेवढीच पाहिली.

जगतापसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग मला म्हणाले, “त्या दिवशी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं, बाई.” मी म्हणाले, ठीक आहे साहेब. पण ते ठीक झालं ते त्यांनी म्हटल्यावर, आधी नव्हे.

जानेवारीत बढतीचे हुकूम निघाले. तात्या रेकॉर्ड कीपर झाले. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये तोवर उंदरांचं राज्य होतं. सहा महिन्यांत तिथली प्रत्येक फाइल दोन मिनिटांत हातात मिळू लागली. जगतापसाहेब हेड ऑफिसच्या पाहुण्यांना ती खोली मुद्दाम दाखवायला न्यायचे. तात्या दारात उभे राहून फक्त “या” म्हणायचे.

मोकाशींनी पुण्याला जाऊन आणखी एक गोष्ट केली. त्यांच्या टिपणीवरून सर्क्युलर निघालं. यापुढे बदलीच्या प्रत्येक बिलाला रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या दोन वेगळ्या चिठ्ठ्या लागतील, आणि वजनाच्या वेळी कार्यालयाचा माणूस हजर असेल. सगळ्या वर्गांना लागू.

ते लागू झाल्यावर काय झालं, ते मी आस्थापनेच्या टेबलावरून वर्षानुवर्षं पाहिलं. त्याआधी वर्ग एकच्या साहेबांचं घर कधी एकोणसाठ क्विंटल नव्वद किलोच्या खाली भरलं नव्हतं, मग ते सहा जणांचं कुटुंब असो की एकटा जीव. कुणी त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. सर्क्युलरनंतर साहेबांची घरं हलकी झाली. कुणी बत्तीस, कुणी सत्तावीस. एका साहेबांचं एकोणीस भरलं.

वर्ग चारचं वजन मात्र होतं तेवढंच राहिलं. त्यांनी आधीही खरंच लिहिलं होतं.